वेढ्यातला नालबंद

एरवी तो माणूस तसा मुखदुर्बळ. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी एकदा खाली बघायचा, एकदा हात पुसायचा, आणि तोवर विचारणारा कंटाळून पुढे निघून गेलेला असायचा. पण घोड्याचा पाय मांडीत घेतला की त्याचं तोंड सुटायचं. "काय बाई, कुठं कुठं हिंडलीस? सगळा खूर झिजवून आणलास की," असं काहीबाही तो त्या जनावराशी बोलत राहायचा, आणि लाथा झाडण्यात नाव कमावलेली घोडीसुद्धा गरीब गाईसारखी उभी राहायची. बाप नालबंद, आजाही नालबंद. गाडीतळाच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या छपराखाली त्यांची भट्टी होती आणि भट्टीच्या मागे राहायच्या दोन खोल्या. गाडीतळ त्याला नालबंद म्हणायचा. घरात तो दादा होता.

त्याचा धाकटा भाऊ त्याच्याहून बराच लहान. मधली दोन भावंडं दगावलेली, म्हणून हा धाकटा म्हणजे आईचा जीव की प्राण. बाप अकाली गेला, आई खाणावळीत भांडी घासायला जाऊ लागली, आणि धाकट्याला भरवायचं काम थोरल्याच्या गळ्यात पडलं. काम सोपं नव्हतं. पोरगं जेवायला महा किरकिरं. एक घास तोंडात धरून बसलं की गिळायचं नावच नाही. थोरला त्याला भट्टीपाशी बसवायचा, भाता मारता मारता गोष्टी सांगायचा, आणि बोलण्याच्या नादात पोटात चार घास ढकलायचा.

धाकटा मोठा झाला तो थोरल्याच्या अगदी उलट. बोलका, नकलाकार, गाडीतळावर उभा राहिला की भोवती माणसं गोळा व्हायची. लोखंडात त्याला रस नव्हता, सगळा जीव घोड्यांत. तो दोन घोड्यांची भाड्याची गाडी हाकू लागला. गाडीचा मालक वेगळा होता, पण त्या दोन घोड्या याच्याच असल्यासारख्या याच्यामागे फिरायच्या. एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका, ती ठिपकी. दुसरी बदामी. त्याचं लग्न झालं ते सदऱ्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या एका मुलीशी. ती कामाला जायची तेव्हा हा गाडी मुद्दाम त्या रस्त्याने काढायचा आणि गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "साहेब, इकडनं रस्ता जरा चांगला आहे." रस्ता खड्ड्यांनी भरलेला होता.

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच लढाई सुरू झाली. पहिल्यांदा ती नुसती बातम्यांत होती. मग एका सकाळी लष्कराचे लोक गाडीतळावर आले, घोड्यांचे दात बघितले, छात्या मोजल्या, आणि पसंत पडलेल्या जनावरांच्या मानेवर रंगाचा पट्टा ओढून ती घेऊन गेले. ठिपकी आणि बदामी दोघी पसंत पडल्या. धाकटा दोन दिवस रिकाम्या गाडीच्या दांड्यावर बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी जाऊन भरती झाला. तोफा ओढणाऱ्या घोड्यांना हाकणारे लष्कराला हवेच होते. आपल्याच घोड्या आपल्याला द्या म्हणून त्याने कुणाकुणाच्या हातापाया पडून त्या मिळवल्याही. आईने आकांत मांडला. बायकोने त्याच्या अंगरख्याला आतून एक जादा खिसा शिवून दिला.

मग आई थोरल्याकडे वळली. तोफखान्याला नालबंदही लागतात हे तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"तू बरोबर जा," ती म्हणाली. "त्याच्या खाण्यापिण्याकडे तुझ्याशिवाय कोण बघणार?"

थोरल्याने खाली बघितलं, हात पुसले, आणि भट्टीला कुलूप घातलं.

त्यांना ज्या आघाडीवर पाठवलं ती इतकी लांब होती की घरच्या माणसांना तिची कल्पनाही करता येत नव्हती. वर्तमानपत्रं सगळी जवळच्या मोठ्या आघाडीबद्दल लिहायची. या फौजेबद्दल कधीतरी आतल्या पानावर चार ओळी. बोटीचा प्रवास संपता संपत नव्हता. घोडे बोटीच्या तळाशी, अंधारात, एकमेकांना खेटून उभे. धाकटा वर कधी झोपलाच नाही, घोड्यांपाशीच पथारी टाकायचा. वाटेत जी जनावरं मेली ती दोराने वर ओढून समुद्रात टाकली. त्या दिवसांत धाकट्याने कप्तानाची अशी काही नक्कल बसवली होती की उलट्यांनी बेजार झालेली माणसंही पोट धरून हसायची.

बोट एका रुंद, गढूळ नदीच्या मुखाशी लागली आणि फौज नदीच्या काठाकाठाने वर चालू लागली. सुरुवातीला सगळं सोपं वाटलं. शत्रू थोडा लढायचा, मागे हटायचा. एक गाव हाती आलं की सरदारांना पुढचं दिसायचं, ते आलं की त्याच्या पुढचं. नदीच्या वरच्या अंगाला एक मोठं, जुनं शहर होतं. ते घेतलं की नाव होईल, असं वरच्यांच्या मनाने घेतलं. दाणागोटा मागे राहिला, औषधं मागे राहिली, बोटी अपुऱ्या पडल्या, तरी फौज पुढेच. उन्हाने घोड्यांचे खूर तडकत होते. नालबंद ते नदीच्या चिखलात भिजवून मऊ करायचा आणि मग खिळे मारायचा. खिळे संपत आले तेव्हा मेलेल्या घोड्यांच्या पायांतले काढून, सरळ करून वापरू लागला.

त्या शहराच्या अलीकडे फौजेचा सपाटून पराभव झाला. जेवढी माणसं पडली त्याहून जास्त जखमी झाली, आणि त्यांना बिनस्प्रिंगच्या गाड्यांत कोंबून मागे आणताना त्यांच्या ओरडण्याने घोडे बिथरत होते. ज्या रस्त्याने गेले त्याच रस्त्याने पळत परतले. नदीने जिथे मोठं वळण घेतलं होतं तिथे एक मातीच्या घरांचं गाव होतं. दमलेल्या फौजेने तिथे मुक्काम केला. मदतीला दुसरी फौज येते आहे, थोडा दम धरा, असं सांगण्यात आलं. काही दिवसांत शत्रूने तिन्ही बाजूंनी खंदक खणले. चौथ्या बाजूला नदी. वेढा पडला.

मदतीची फौज खरंच आली होती. तिच्या तोफा ऐकू यायच्या. वाऱ्याची दिशा बदलली की जवळ आल्यासारख्या वाटायच्या आणि माणसं छपरांवर चढून बघायची. पण ती फौज चिखलात रुतली, मार खाऊन मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा मागे गेली. इकडे गावातलं धान्य आटत चाललं. आधी घोड्यांची चंदी बंद झाली, ती माणसांच्या पिठात गेली. घोडे झाडांच्या साली खाऊ लागले, पागेच्या लाकडी दांड्या कुरतडू लागले, एकमेकांच्या शेपट्या चघळू लागले. आणि मग हुकूम निघाला, रोज काही घोडे मारायचे आणि त्यांचं मांस फौजेला वाटायचं.

कुठले मारायचे हे ठरवायचं काम घोड्यांच्या डॉक्टरकडे आलं. डॉक्टर किडकिडीत, चष्मा लावणारा, भला माणूस होता. त्याने नालबंदाला बरोबर घेतलं. लंगडं कोण, खूर कुजलेलं कोण, हे याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी दोघं पागेतून फिरायचे. जनावर ठरलं की नालबंद त्याला नदीकडच्या भिंतीशी न्यायचा, त्याचा पाय उचलून मांडीत घ्यायचा, खुरावरून हात फिरवायचा आणि पाय हलकेच खाली ठेवायचा. घोड्याला वाटायचं, नाल ठोकायला आणलंय. तो शांत उभा राहायचा. मग नालबंद दोन पावलं मागे सरायचा आणि डॉक्टर गोळी घालायचा. त्या दिवसांत नालबंदाने घोड्यांशी बोलणं सोडलं.

पुष्कळ जणांनी ते मांस खायला नकार दिला. कुणाला किळस होती, कुणाला घरच्यांना काय सांगायचं याची धास्ती. आणि पागेतल्या पोरांची गोष्ट वेगळीच. ज्याला रोज खरारा केला, ज्याच्या मानेला टेकून रात्री काढल्या, त्याचा तुकडा ताटात कसा घ्यायचा? भूक मात्र भल्याभल्यांना वाकवते. हळूहळू एकेक जण खाऊ लागला. नालबंदाने पहिल्या दिवशीच खाल्लं. मांसाला मीठ नव्हतं. त्याने डोळे मिटले नाहीत की नाक दाबलं नाही. चावलं आणि गिळलं. घरी दोघांनी परत जायचं आहे, एवढंच डोक्यात होतं.

धाकटा काही खाईना. त्याच्या वाट्याला आलेल्या मूठभर पिठाच्या भाकरीवर तो राहिला. तोंड आत गेलं, पायांवर सूज आली, बसलेला उठताना भिंत धरू लागला. नालबंदाने सगळे उपाय करून बघितले. रागावला, विनवण्या केल्या, डॉक्टरकडून दम देववला. एकदा मांसाचं पाणी पिठात कालवून त्याची भाकरी भाजली आणि काही न बोलता पुढे ठेवली. धाकट्याने ती नाकाशी नेली आणि परत ठेवली. रागावला नाही.

"दादा, तू म्हणतोस ते सगळं पटतं मला," तो म्हणाला. "पण घशाखाली जात नाही."

"घशाला काय कळतंय?"

"घशालाच कळतंय."

तरी भावाच्या समाधानासाठी त्याने एकदा एक तुकडा तोंडात घातला. लहानपणी धरून बसायचा तसा गालात धरून बसला. थोरला समोर बसून वाट बघत होता. शेवटी गिळायचा प्रयत्न केला आणि सगळं बाहेर पडलं, त्या दिवशीच्या भाकरीसकट. पोटात होतं नव्हतं तेही गेलं, तेव्हा नालबंदाने हात टेकले. त्यानंतर त्याने आग्रह केला नाही. आपल्या भाकरीतला अर्धा तुकडा मात्र रोज त्याला द्यायचा, आणि मी मांस भरपूर खाल्लंय म्हणून सांगायचा.

ठिपकी आणि बदामी शेवटच्या काही जनावरांत राहिल्या. नालबंदाने त्यांना जितकं मागे ढकलता येईल तितकं ढकललं होतं. डॉक्टरला ते दिसत होतं, तो काही बोलला नव्हता. पण एका सकाळी पागेत निवडायला दुसरं उरलंच नाही. नालबंद दारात घुटमळत उभा राहिला. धाकट्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने दोघींना खरारा केला, ठिपकीच्या कपाळावरचे केस बोटांनी सारखे केले, आणि स्वतः दोघींना धरून भिंतीपाशी घेऊन आला.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "दोघींना लागोपाठच घ्या. एकटीला राहायची सवय नाही त्यांना."

वसंत सरता सरता फौजेने शस्त्रं खाली ठेवली. सरदारांना शत्रूने बोटीतून नेलं. साधी माणसं पायी निघाली, उन्हातून, वाळवंटातून, कुठे जायचं हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. शत्रूच्या शिपायांपाशीही खायला फारसं नव्हतंच, पण त्यांच्यापाशी पाणी होतं आणि चाबूक होते. मागे राहील तो मागेच राहायचा. नालबंद धाकट्याला आधी खांद्याचा आधार देत होता, मग पाठुंगळीला घेऊन चालू लागला. लहानपणी घ्यायचा त्याहून तो फार जड राहिला नव्हता.

एका वस्तीत दुपारी पाण्यासाठी थांबवलं. तिथे एका पडक्या आवाराची भिंत होती, भिंतीच्या आत डाळिंबाचं झाड. नालबंदाने भावाला सावलीला टेकवलं. धाकट्याचे बूट तळाशी उघडले होते. त्याकडे बघत तो हसला.

"दादा, मलाही एक नाल ठोक की रे."

नालबंद पाणी आणायला गेला. परत आला तेव्हा धाकटा तसाच बसलेला होता, डोळे उघडे, बुटाकडेच बघत. पाणी पाजायला तोंड उघडलं तर ते बाहेर ओघळलं. पहारेकऱ्याने घाई केली. हातांनी खणता येईल तेवढं खणून, भावाला त्यात ठेवून, वर दगड रचून, नालबंद पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. रडायला वेळ नव्हता, आणि अंगात पाणीही नव्हतं.

डोंगरात रेल्वेचा रस्ता खणायच्या कामावर त्या कैद्यांना लावलं. तिथे तापाने माणसं पटापट मरू लागली. नालबंदही मेला असता. पण एके दिवशी वाटेने जाणाऱ्या छकड्याचा घोडा लंगडत होता आणि याने सवयीने त्याच्या मागच्या पायाकडे बोट दाखवलं. छकड्यावर बसलेला म्हातारा शत्रूच्या फौजेचा नालबंद निघाला. त्याला हाताखाली माणूस हवंच होतं. त्याने पहारेकऱ्याशी काही बोलणं केलं आणि याला आपल्या भट्टीवर नेलं. म्हाताऱ्याची भाषा याला येत नव्हती, याची त्याला नाही. भट्टीवर पहिल्याच दिवशी घोड्याचा पाय मांडीत घेतला आणि नालबंदाला हुंदका फुटला. वेढा पडल्यापासून आवरलेलं सगळं एकदम वर आलं. म्हाताऱ्याने हातोडा खाली ठेवला, घोडा बाजूला बांधला, आणि त्याचं रडून होईपर्यंत स्वतः खिळे निवडत बसला. मग आपल्या पावाचा तुकडा तोडून दिला. त्या माणसामुळे नालबंद जगला.

लढाई संपली तरी या कैद्यांना घरी यायला फार उशीर झाला. तोवर मिरवणुका झाल्या होत्या, बँड वाजवून झाले होते. धक्क्यावर उतरला तेव्हा एका कारकुनाने नाव विचारून शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

तो गाडीतळावर पोचला तेव्हा दुपार होती. आई दाराशी काहीतरी निवडत बसली होती. तिने याला बघितलं, मग याच्या मागे बघितलं, आणि मग बराच वेळ मागेच बघत राहिली. धाकट्याची बायको आतून आली ती उंबऱ्यातच थबकली. नालबंदाने बसूनही न घेता सगळं सांगितलं. वाटेत त्याने खूप विचार केला होता, तापाने गेला म्हणावं का, गोळी लागली म्हणावं का. पण आईने विचारलं, "काय झालं?" आणि त्याला खोटं जमलं नाही.

ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "तू खाल्लंस?"

"हो."

"आणि त्याला नाही भरवलंस."

तिने एवढंच म्हटलं आणि पुढ्यातलं उचलून आत गेली. त्या दिवसापासून ती त्याला वेळेवर वाढायची, पण तो जेवत असताना तिथे थांबायची नाही. काही दिवसांनी तो ताट घेऊन भट्टीवरच जाऊ लागला. उभ्या उभ्या जेवायचा.

धाकट्याच्या बायकोचं दुःख निराळ्या वाटेने गेलं. ती नवऱ्याचं ऐकून याला दादाच म्हणायची. एका संध्याकाळी ती भट्टीवर आली.

"दादा, त्या घोड्या तर मेल्याच होत्या ना?"

"हो."

"मग यांनी कुणासाठी नाही खाल्लं? मी इथे बसले होते. माझ्यासाठी चार घास गिळायला काय झालं होतं?"

नालबंद तिला सांगू लागला, की भावाने प्रयत्न केला होता, गालात धरून बसला होता. ती ऐकून घेत होती, पण ते तिच्या गळी उतरत नव्हतं. तिच्या मनाने घेतलं होतं की नवऱ्याने दोन जनावरांना जवळ केलं आणि तिला टाकलं. गोळी लागली असती तर ती रडली असती. यावर कसं रडायचं हे तिला समजेना. तिने नवऱ्याची तसबीर भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवली. सासूने ती काढून पुन्हा लावली. सुनेने पुन्हा ठेवली. असं महिनोन्महिने चाललं, आणि शेवटी नालबंदानेच ती तसबीर उचलून भट्टीच्या कोनाड्यात नेली.

अशी त्या घरात वर्षं गेली. आईच्या लेखी थोरला दोषी, सुनेच्या लेखी धाकटा. नालबंद एकीपुढे स्वतःची बाजू मांडायचा नाही आणि दुसरीपुढे भावाची मांडून थकायचा. सून कारखान्यात मुकादम झाली, दहा-वीस मुली तिच्या हाताखाली आल्या. तिला स्थळं आली, चांगली आली. नालबंदाने स्वतः दोनदा विषय काढला. ती म्हणाली, बघू. ते बघणं काही झालं नाही. गाडीतळावर मोटारी उभ्या राहू लागल्या. नालबंद फाटकं, खिडक्यांचे गज, जिन्यांचे कठडे बनवू लागला. कुणी कौतुक केलं तर खाली बघायचा आणि हात पुसायचा.

मधे एकदा त्या फौजेचा इतिहास छापून आला. जाडजूड पुस्तक, पानोपानी नकाशे. शेजारचे मास्तर ते घेऊन मुद्दाम घरी आले आणि वेढ्याचा भाग वाचून दाखवू लागले. कोणत्या सेनापतीने कोणता निर्णय का घेतला, मदतीची फौज कुठे चुकली, सगळं त्यात होतं. एके ठिकाणी लिहिलं होतं की धान्य संपल्यावर जनावरांचा उपयोग अन्न म्हणून करण्यात आला, मात्र काही तुकड्यांनी सहकार्य केलं नाही. आईने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मास्तरांनी वाचलं. "सहकार्य," आई म्हणाली, आणि उठून गेली. मास्तरांना आपलं काय चुकलं ते कळेना. नालबंदाने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि पुस्तक आणल्याबद्दल त्यांचे आभार मानले.

मग आई आजारी पडली. वय झालं होतं, आजार असा काही मोठा नव्हता, पण तिचं अन्नावरचं मन उडालं. डॉक्टर म्हणाले, पोटात जाईल तर चार महिने काढतील. सुनेने कारखान्यातून रजा घेतली. दोघींमध्ये गोडवा कधीच नव्हता, पण करण्यात तिने कसूर केली नाही. दूध, पातळ सूप, दुधात भिजवलेला पाव, मऊ शिजवलेली फळं, वाटीमागून वाटी ती घेऊन बसायची. आई तोंड मिटून घ्यायची. सून गोड बोलून बघायची, मग चिडायची, मग स्वतःशीच पुटपुटत वाटी आत घेऊन जायची. एका सकाळी तिचा संयम सुटला.

"कुणासाठी हट्ट चाललाय हा?" ती म्हणाली. "आम्ही दोघं दिसत नाही का तुम्हाला?"

आईने डोळे उघडले. सुनेकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या थोरल्याकडे.

"तू भरव," ती त्याला म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडून पाण्याचा पेलाही मागून घेतला नव्हता. नालबंद येऊन बाजेच्या कडेला बसला. त्याचे हात काळेकुट्ट, चमचा त्यात दिसेना. त्याने अर्धा चमचा सूप तिच्या ओठांशी नेलं. आईने तोंड उघडलं, घेतलं, गालात धरलं. तिला गिळायचं होतं हे दिसत होतं. मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. मग ते सगळं कडेने ओघळून उशीवर आलं. नालबंदाने आपल्या बाहीने पुसलं. आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"जात नाही रे," ती म्हणाली. "तुझा काही दोष नाही. जात नाही."

नालबंद हलला नाही. सून वाटी धरून उभी होती. तिने ती खाली ठेवली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "ते असेच बसले होते?"

"असाच."

"आणि तुम्ही असेच समोर?"

त्याने मान हलवली. ती मागच्या दाराने बाहेर गेली, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड. तिथून तिच्या रडण्याचा आवाज आला. ती नवऱ्यासाठी रडते आहे हे नालबंदाने ओळखलं, आणि तो तिकडे गेला नाही. आईचा हात मनगटावर होता.

आई त्या आठवड्यातच गेली. शेवटी शेवटी तिला भास व्हायचे, थोरल्याला धाकटा समजायची, धाकट्याच्या नावाने हाक मारायची. तो ओ द्यायचा.

तिच्या माघारी घरात दोघंच उरले. लोक काय बोलतील म्हणून सून बहिणीकडे राहायला जायचं म्हणत होती, पण गेली नाही. लोक काही दिवस बोलले आणि दमले. ती कारखान्यातून आली की भट्टीवर येऊन बसायची. एके दिवशी म्हणाली, "दादा, ती बोट कशी होती?" नालबंद गोंधळला. इतकी वर्षं घरात सगळे शेवटाबद्दलच विचारत आले होते. कुणी कधी सुरुवात विचारलीच नव्हती. त्याने हात पुसले आणि अडखळत सांगायला लागला. कप्तानाची नक्कल सांगितली, ती त्याला अजिबात जमली नाही, तरी ती हसली. नदी सांगितली, उंटांना पहिल्यांदा बघून ठिपकी कशी उधळली आणि धाकटा तिच्यामागे एका सरदाराच्या तंबूत कसा घुसला ते सांगितलं. हिवाळ्यात घोड्यांच्या पाठींवर पांघरुणं घालून स्वतः कुडकुडणारी पोरं सांगितली. रोज थोडं थोडं. तिला एक पूर्ण वर्ष मिळालं नवऱ्याचं, जे तिच्यापाशी नव्हतंच. एकदा तिने सांगितलं की लग्नानंतर सासूच्या भीतीने ते दोघं धड बोललेही नव्हते, सगळं बोलणं त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर, गाडीतून जाता-येता.

सांगता सांगता गोष्ट वेढ्याच्या पलीकडे, त्या वस्तीपर्यंत आली. नालबंदाने आवार सांगितलं, भिंत सांगितली, डाळिंबाचं झाड सांगितलं.

"गावाचं नाव काय होतं, दादा?"

तो बराच वेळ आठवत राहिला. पाणी काढणारी एक बाई आठवली, तिच्या बादलीचा आवाज आठवला. नाव त्याला कधी कळलंच नव्हतं. विचारायला भाषा नव्हती, आणि रांग पुढे सरकली होती.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

ती उठली, भट्टीतले निखारे राखेखाली सारले, आणि जेवायला चला म्हणून त्याला आत बोलावलं.